कोकणात लक्झरी एसयूव्हीची सर्व्हिसिंग : डिझेल, पेट्रोल, हायब्रिड की इलेक्ट्रिक?

हर्णैकर
नमस्कार मंडळी. घरातली फॉर्च्युनर धाकट्या भावाकडे जाणार आहे आणि तिच्या जागी तीनेक वर्षं वापरलेली लक्झरी एसयूव्ही घ्यायचं घाटतंय. नजरेत बीएमडब्ल्यू एक्स३, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू५ आणि बायकोच्या आग्रहाखातर लेक्सस एनएक्स. कुठली घ्यावी हा सल्ला नकोय, तो यूट्यूबवर पोत्याने मिळतो. मला घेतल्यानंतरचं विचारायचंय.

वापर असा: घर ते बाग, बाग ते पॅकिंगची शेड, मुलांची शाळा, बाजार. सगळं सात-आठ किलोमीटरच्या आत. आठवड्यातून एखादी खेडची फेरी, महिन्यातून एकदा पुणं नाहीतर मुंबई. गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी राहणार, वर पत्र्याची शेड आहे. या कंपन्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर दापोलीत नाही, खेडला नाही, चिपळूणलाही नाही. कोल्हापूर, पुणं, मुंबई नाहीतर गोवा.

कंपनीवाले सांगतात वर्षातून एकदा या, किंवा स्क्रीनवर येईल तेव्हा या. कोकणात तेवढ्यावर भागतं का? आणि इंजिनाप्रमाणे सर्व्हिसिंगमध्ये नेमका काय फरक पडतो?

निवांत_नाखवा
वाखूसा (वाचनखूण साठवली). जाणकारांच्या प्रतीक्षेत.

सडेतोड
एवढी महागडी गाडी घेणार आणि ऑइल कधी बदलायचं हे फुकटात विचारणार. चालू द्या.

हर्णैकर
@सडेतोड, पैसे आहेत म्हणून उधळायचे असं आमच्याकडे शिकवलेलं नाही. आणि ते किती आहेत हे यंदाच्या आंब्यावर ठरणार.

कणकवलीचा_मेस्त्री
मुंबईत एका अधिकृत वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली, आता गावी स्वतःचं गॅरेज आहे. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

हर्णैकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय. सात-आठ किलोमीटर. या वापराला बीएस६ डिझेल घेऊ नका. विषय संपला. तरी घेणारच असाल तर पुढे वाचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ असणं जवळजवळ अटळ झालं. हा काजळी गाळणारा फिल्टर. काजळी साठली की गाडी ती स्वतःच जाळते, त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. ते वाढवायला इंजिन जास्तीचं डिझेल मारतं, आणि काम पुरं व्हायला पंधरा-वीस मिनिटं सलग रस्ता हवा. तुम्ही शेडपर्यंत जाऊन गाडी बंद केलीत की काम अर्धवट. संध्याकाळी परत सुरू, परत अर्धवट. जास्तीचं मारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं.

ऑइल कमी झालं की गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. वाढलं की म्हणतं, बघा आमची गाडी ऑइल पीत नाही. डिझेलमध्ये वाढलेलं ऑइल ही वाईट बातमी आहे. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या आणि क्रँकच्या बेअरिंगला धरून राहत नाही. या गाड्यांतल्या पुष्कळांना डिपस्टिकच नसते, पातळी स्क्रीनवर बघायची. सपाट जागेवर, इंजिन गरम असताना. महिन्यातून एकदा बघा आणि वहीत लिहा.

म्हणून तुमच्यासारख्या वापराला कंपनीचा आकडा अर्धा करा. स्क्रीन काहीही म्हणो, सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर.

ऑइल कुठलं, हा दुसरा घोळ. ५डब्ल्यू-३० एवढंच वाचून डबा उचलू नका, तो फक्त पातळ-जाडपणा झाला. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, कारण काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. डब्याच्या मागे बारीक अक्षरात मंजुरी असते. मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२, बीएमडब्ल्यूला लाँगलाइफ-०४ (नव्या इंजिनांना त्यापुढची), फोक्सवॅगन-ऑडी गटाच्या डिझेलला ५०७.००. तुमच्या गाडीची कुठली ते मॅन्युअलमध्ये बघायचं, दुकानदाराला विचारायचं नाही.

डिझेल फिल्टरचं पण ऐका. भर पावसात आडरस्त्याच्या पंपावर डिझेल भरू नका. टाकीत पाणी उतरलेलं असलं तर कॉमन रेलचा (डिझेल दाबाने इंजिनात पाठवणाऱ्या यंत्रणेचा) पंप आणि इंजेक्टर जातात, आणि ते बिल बघून माणूस आंब्याची बाग विकायला काढतो. जिथे ट्रकवाले रोज भरतात तिथे भरा, तिथलं डिझेल पडून राहत नाही.

हर्णैकर
मेस्त्री, मनापासून धन्यवाद. रिजनरेशन चालू आहे हे चालवणाऱ्याला कळतं कसं?

कणकवलीचा_मेस्त्री
बऱ्याच गाड्या सांगतच नाहीत. दिवा लागतो तो काजळी बरीच साठल्यावर. पण खुणा असतात. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा किंचित वर राहतो, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, बंद केल्यावर पुढचा पंखा घोंघावत राहतो, गरम लोखंडासारखा वास येतो. असं दिसलं तर गाडी बंद करू नका, हायवेला काढा आणि गिअर हाताने खाली ठेवून दोन हजार आरपीएमच्या आसपास चालवत राहा. टाकीत डिझेल रिझर्व्हला असेल तर बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत, तेव्हा टाकी तळाला नेऊ नका.

आणि हे महत्त्वाचं: ते चालू असताना किंवा लगेच नंतर आंब्याखाली पातेऱ्यावर (वाळक्या पानांवर) नाहीतर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. खालची लाइन तापलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये बागेत आग लागायला तेवढं पुरतं.

पेठेतला_गुहागरकर
मेस्त्रींनी डिझेलला पार बदनाम केलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी पुण्यात असतो, गुहागरला घर आहे. माझी सहा सिलिंडरची तीन लिटर डिझेल. कुंभार्ली घाटात भरल्या गाडीने जी ओढ मिळते ती दुसऱ्या कशात नाही. माझी गाडी हलते तेव्हा दोनशे-अडीचशे किलोमीटर हलते, त्यामुळे डीपीएफने आजवर काही त्रास दिलेला नाही. इंजिन वाईट नसतं, जोडी चुकते.

डिझेलवाल्यांनी ॲडब्लूकडे मात्र लक्ष ठेवावं. ते म्हणजे धूर साफ करायला लागणारा पाण्यातला ३२.५ टक्के युरिया, निळ्या झाकणाच्या वेगळ्या टाकीत भरायचा. हजार किलोमीटरला ढोबळमानाने एक-दीड लिटर जातं. संपत आलं की स्क्रीनवर ‘इतके किलोमीटर उरले’ अशी उलटी मोजणी सुरू होते आणि शून्यावर गेलं की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. हे वेळणेश्वरच्या उतारावर कळू नये. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी बादल्या मिळतात, तेच चालतं, फक्त सील आणि तारीख बघा. बादली घरी उन्हात ठेवू नका. तीस अंशांच्या वर ते लवकर खराब होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली तीस अंश म्हणजे गारवा.

सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. वाळलं की पांढरे खडे होतात, झाकणाच्या आट्यांत बसतात, आणि मग झाकण फिरत नाही. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर इग्निशन चालूच करू नका, थेट टो.

डॉ_वाशिष्ठी
चिपळूणहून. माझी दोन लिटर टर्बो पेट्रोल आहे. रोज घर, दवाखाना, घर. हर्णैकरांसारखाच वापर.

पेट्रोल घेतलं म्हणजे सुटलो असं नाही. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं. जुन्या इंजिनांत ते इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जायचं आणि व्हॉल्व्ह धुतले जायचे. आता धुणारं कोणी नाही, त्यामुळे ऑइलची वाफ तिथे चिकटून कार्बन बसतो. थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारल्या की जास्त. पेट्रोलमध्ये घालायच्या क्लीनरच्या बाटल्यांनी व्हॉल्व्ह साफ होत नाहीत, कारण बाटलीतलं द्रव्य व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. त्याने इंजेक्टर साफ होत असतील. व्हॉल्व्ह साफ करायचे तर मॅनिफोल्ड उतरवून, अक्रोडाच्या टरफलाचा भुगा मारून करतात. बाटली विकणाऱ्याला हे विचारून बघा, तो विषय बदलतो.

स्पार्क प्लग साधारण साठ हजारांच्या आसपास, पण इंजिनानुसार बघा. टर्बो इंजिनाला घासलेला प्लग सहन होत नाही, कॉइलवर ताण येतो. ऑइल मी वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलून घेते, किलोमीटर कितीही झालेले असोत. दमट हवेत थंड इंजिन सारखं सुरू-बंद होतं तेव्हा आत पाणी जमतं. झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला साईसारखा पिवळट थर दिसला तर समजावं की गाडीला लांब फेरी हवी आहे.

सडेतोड
आणि ई-२० चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचं काय? इंजिनं खलास होतायत म्हणे.

डॉ_वाशिष्ठी
‘म्हणे’ वर मी औषध देत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं, हे खरं. ते हवेतलं पाणी शोषतं, हेही खरं. त्यामुळे गाडी पावसाळ्यात पडून राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी. वापरलेली गाडी घेताना इंधनाच्या झाकणामागचं लेबल आणि मॅन्युअल बघून ती ई-१० ची की ई-२० ची हे आधी ठरवावं. ई-१० ची असली तर दर सर्व्हिसला रबरी नळ्या आणि सील तपासायला सांगावं. एवढं करून मी शांत झोपते.

सावंतवाडी_मेल
आमच्याकडे लेक्सस एनएक्स ३५०एच आहे, म्हणून धागाकर्त्यांच्या सौभाग्यवतींच्या बाजूने. अडीच लिटर पेट्रोल आणि सोबत बॅटरी, प्लग लावायचा नाही. सर्व्हिस पेट्रोलसारखीच: ऑइल, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्याचा पट्टा नाही, म्हणजे बिघडायला तेवढ्या वस्तू कमी. इन्व्हर्टरचं कूलंट वेगळ्या टाकीत असतं, ते तपासून घ्यायचं राहून जातं.

पण खरी गोष्ट मागच्या सीटखाली आहे. या हायब्रिडची बॅटरी पंख्याने गार होते आणि तो पंखा हवा केबिनमधून ओढतो. सीटच्या खाली जाळी असते, तिच्या आत फिल्टर. आमच्याकडे कुत्रा मागे बसतो आणि रस्ता सगळा तांबड्या मातीचा. मी पहिल्यांदा जाळी काढली तेव्हा आत कुत्र्याचे केस आणि जांभ्याची धूळ यांचं चक्क नमदं झालं होतं. जाळी तुंबली की बॅटरी तापते, पंखा जोरात फिरतो, मग इशारा येतो. दर सर्व्हिसला ती साफ केली का, हे तोंडाने विचारा. आणि मागे बसणाऱ्याने तिच्यासमोर आंब्याच्या पेट्या लावू नयेत!

टोयोटाच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी वॉरंटी असते. वापरलेली लेक्सस घेताना तिच्या बॅटरीची किती उरली आणि ती तुमच्या नावावर होते का, हे लेखी घ्या.

अवांतर: हल्ली पेट्रोलवर आणि डिझेलवर ‘४८ व्होल्ट माइल्ड हायब्रिड’ असं लिहिलेलं असतं, ते हे नव्हे. तिथे सर्व्हिस मूळ इंजिनाचीच, इंजिनाला जोडलेल्या जनरेटरवर आणि छोट्या बॅटरीवर नजर ठेवायची एवढंच.

तारकर्ली_घरगुती
माझ्याकडे इलेक्ट्रिक आसा, व्होल्वो एक्ससी४० रिचार्ज. ऑइल नाय, प्लग नाय, डीपीएफ नाय. मेस्त्री माझ्याकडे बघून कपाळाक हात लावता. मालवणीत लिवत ऱ्हवलंय तर पेठेतल्यांका कळाचा नाय, म्हणून पुढचा साधा लिवतंय.

सर्व्हिसमध्ये काय करतात: केबिन फिल्टर, दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, बॅटरीचं कूलंट तपासणं, सॉफ्टवेअर, टायर. टायर लवकर जातात कारण गाडी जड आणि ओढ तात्काळ. साधी बारा व्होल्टची बॅटरी यातही असते, आणि ती बसली की एवढी मोठी बॅटरी पोटात असून गाडी उघडत नाही.

समुद्राकाठी ब्रेकचं वेगळंच दुखणं. ही गाडी मोटरवरच थांबते, डिस्कला काम पडत नाही, आणि खारं वारं तर चोवीस तास. डिस्कवर गंज चढतो, पॅड चिकटतात. उपाय सोपा: मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा ब्रेक जरा जोरात दाबायचा, आठवड्यातून एकदा. हायब्रिडवाल्यांनाही हेच लागू.

आता चार्जिंग. गाडी घरी आली, सोबतचा चार्जर सोळा अँपिअरच्या पॉइंटला लावला, लाल दिवा. दुसरा पॉइंट, लाल दिवा. वायरमनने मीटर लावला तर घराला अर्थिंग नावापुरतं. घर कातळावर. पूर्वी कोणीतरी सळी हातभर खाली घातली होती आणि पुढे जांभा लागल्यावर सोडून दिली होती. फ्रिज-टीव्हीला कधी कळलं नाही, गाडीने मात्र नाही म्हटलं. मग माडाच्या आळ्याजवळ, जिथे सांडपाण्याची ओल असते तिथे, नवीन खड्डा मारला. तांब्याची पट्टी, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाइप. उन्हाळ्यात त्या पाइपात बादलीभर पाणी ओततो. त्यानंतर तक्रार नाही. वीज गेली-आली, व्होल्टेज खालीवर झालं तर गाडी चार्जिंग थांबवते, म्हणून रात्री लावून सकाळी भरलेली मिळेलच हे गृहीत धरू नका. वादळाच्या दिवसांत मी चार्जर काढून ठेवतो.

हर्णैकरांनू, तुमच्या सात-आठ किलोमीटराक ह्याच खरा औषध आसा. पण तुमच्या यादीत इलेक्ट्रिक नाय, म्हणून गप.

हर्णैकर
गप कशाला, घरात आता तोच वाद सुरू झालाय! बरं, अर्थिंगचं उद्याच तपासतो, गाडी कुठलीही येवो.

पेठेतला_गुहागरकर
उंदरांचा विषय कोणी काढला नाही?

तारकर्ली_घरगुती
काढलाच पायजे. गाडी दोन दिवस उभी ऱ्हवली की बॉनेटात संसार. भात कापून झालो की जास्ती.

कणकवलीचा_मेस्त्री
उंदीर इंजिन बघत नाही, सगळ्यांच्या वायरी सारख्याच खातो. फरक बिलात पडतो. साध्या गाडीत वायर जोडून, टेप मारून चालते. या गाड्यांत सेन्सरची वायर अर्धवट तुटली की गाडी पाच वेगवेगळे इशारे देते आणि सर्व्हिस सेंटर अख्खं हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) बदलायचं कोटेशन देतं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिकमधल्या नारिंगी (उच्च दाबाच्या) केबलला तर बाहेरच्या माणसाने हातच लावायचा नाही, मीसुद्धा लावत नाही. तंबाखू, डांबरगोळ्या, स्प्रे, सगळं करून बघणारे आहेत. माझ्या अनुभवात शेडमधला खाऊ हलवणं आणि रात्री बॉनेट उघडं ठेवणं याने सगळ्यात जास्त फरक पडतो. कोंबड्यांचं खाद्य, भाताची पोती, नारळ गाडीच्या शेडमध्ये नकोत.

आता आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी. हे कंपनीच्या चेकलिस्टमध्ये नसतं, पण आपल्याकडे नेहमीच्या सर्व्हिसइतकंच महत्त्वाचं.

मे संपायच्या आत गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवायची, वाळवायची आणि मग कोटिंग बघायचं. आधी कोटिंग आणि मग धुणं असं करणारे आहेत, ते मीठ आत कोंडून घेतात. वायपरखालची प्लास्टिकची जाळी उचलून पातेरा काढा. तो कुजला की पाणी ब्लोअरमध्ये उतरतं आणि केबिनला खाजणाचा वास येतो. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांना पाणी जायच्या बारीक नळ्या असतात. सनरूफ उघडून पन्हाळीत वाटीभर पाणी सावकाश ओता आणि खाली चाकांपाशी पडतं का बघा. नाही पडलं तर ते छतातून सीटखाली जाणार, आणि पुष्कळ गाड्यांत कंट्रोल युनिट नेमकी तिथेच असतात. नळीत जोरात हवा मारू नका, सांध्यातून निसटते.

एसीचा कंडेन्सर पुढे उघड्यावर असतो, खाऱ्या वाऱ्याने त्याच्या पत्र्या भुसभुशीत होतात. साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. एअर सस्पेन्शन असेल तर रबरी फुगे, तांबडा चिखल आणि कॉम्प्रेसरचा फिल्टर बघून घ्या. सकाळी गाडी एका कोपऱ्याला बसलेली दिसली तर टाळू नका. एक फुगा गळला की त्याच्यासाठी कॉम्प्रेसर दिवसरात्र पळतो आणि मग दोन्ही जातात.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी म्हणजे दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शिरल्यावर तो आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. आंबा घाट किंवा आंबोली उतरताना हा फरक पायाला कळतो.

डॉ_वाशिष्ठी
यात पुराचंही घाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा अनेकांच्या गाड्या उभ्या जागी पाण्यात गेल्या, आणि काहींनी पाणी उतरल्यावर ‘बघू सुरू होते का’ म्हणून स्टार्ट मारला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, पेट्रोल असो की डिझेल. साध्या विम्यात असं नुकसान बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. लक्झरी गाडीला ते न घेणं म्हणजे पावसाळ्याशी पैज. इलेक्ट्रिक खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुडाली तर ती चार्जिंगला लावायची नाही आणि घराजवळही ठेवायची नाही, नंतर आग लागू शकते.

जाहिरातीत ९०० मिलिमीटर पाण्यातून जाणारी लँड रोव्हर डिफेंडर दाखवतात, ती खरोखर तेवढी जाते. पण ते संथ पाणी आणि तळ माहीत असलेली वाट. वहाळाला लोंढा आलेला असताना तो आकडा विसरावा.

सडेतोड
एवढं सगळं करायचं तर अधिकृत सेंटरला जाऊन मरा की. बाहेर केलं तर वॉरंटी जाते.

पेठेतला_गुहागरकर
सरसकट जात नाही. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना अडवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं ते वेगळं. व्यवहारात मात्र वॉरंटीत असलेल्या गाडीचं ऑइल मी अधिकृत ठिकाणीच बदलतो, कारण उद्या इंजिनाचा दावा लावायचा झाला तर नोंद दाखवावी लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. मागे एका सेंटरमध्ये (नाव लिहीत नाही) वार्षिक सर्व्हिसला गेलो तर एसी डिसइन्फेक्शन, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी असं सगळं जॉबकार्डावर मला न विचारता चढवलेलं. इंजिन फ्लश माझ्या मॅन्युअलमध्ये कुठेच नाही. सही करायच्या आधी एकेक ओळ वाचून खोडायला लावली. सल्लागार म्हणाला, सर, बाकी सगळे करून घेतात.

कणकवलीचा_मेस्त्री
खरंय, ते टार्गेट असतं. फ्लशला पैसे घालवण्यापेक्षा तेच गिअरबॉक्सच्या ऑइलला घाला. कंपनीच्या कागदावर ‘लाइफटाइम’ लिहिलेलं असतं. कोणाचं लाइफ ते लिहिलेलं नसतं. बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरमधला आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. त्याचा फिल्टर तळाच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनसकट बदलायचा, आणि पातळी ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघूनच लावायची. अंदाजपंचे भरणाऱ्याकडे जाऊ नका. क्यू५ मध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे, त्याचं ऑइल साधारण ६० हजारांना. आडव्या इंजिनाच्या काही फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांत मागे हॅल्डेक्स कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) असतं, त्याचं ऑइल तीनेक वर्षांनी. हे सेंटरवाले आपणहून काढत नाहीत, तुम्हीच विचारायचं.

आणि फोर व्हील ड्राइव्हला एक टायर फुटला म्हणून एकच नवा टाकू नका. चारींची नक्षी जवळपास सारखी हवी, नाहीतर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो. एक्स३ ला रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर असले तर स्टेपनी नसणार. राजापूरच्या पुढे रात्री तो साइझ कोण देणार, याचा आधी विचार करून ठेवा.

इथल्या गॅरेजमध्ये काय करून घ्यावं? तुमच्या गाडीचा स्कॅनर असेल तर ऑइल, फिल्टर, पॅड, कूलंट, सगळं होतं. मागचे पॅड बदलायला इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक सर्व्हिस मोडवर टाकावा लागतो, बॅटरी बदलली तर बऱ्याच गाड्यांत ती नोंदवावी लागते. ज्याच्याकडे स्कॅनर नाही आणि जो म्हणतो ‘काय गरज नाय ओ त्याची’, त्याच्याकडून चहा पिऊन परत या.

हर्णैकर
सगळ्यांचे आभार. दोन दिवस घरात हा धागा मोठ्याने वाचून झाला. डिझेल यादीतून गेलं. क्यू५ ची पेट्रोल आणि एनएक्स, दोन्ही चालवून बघायला पुढच्या आठवड्यात जातोय. घेण्याआधी गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी आणि स्कॅन रिपोर्ट मागणार. इलेक्ट्रिकचा हट्ट थोरल्या मुलीने धरलाय, तिला सांगितलंय की आधी अर्थिंग.

एकच शेवटचं. दाभोळ ते धोपावे जंगलजेट्टीने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) आमची ये-जा असते. फॉर्च्युनर उंच आहे म्हणून कधी विचार केला नाही. या गाड्या चढताना पुढून घासतात का?

पेठेतला_गुहागरकर
एक्स३, क्यू५ भरती असेल तर आरामात. पाणी उतरलेलं असताना धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन तीव्र होतो, तेव्हा पुढचा प्लास्टिकचा ओठ घासू शकतो. तिरकी चढवा, माणसं उतरवून. एअर सस्पेन्शन असेल तर धक्क्यावर येण्याआधीच उंची वाढवा, तिला वर यायला वेळ लागतो आणि फेरीवाला मागून ओरडत असतो.

कणकवलीचा_मेस्त्री
आणि पलीकडे गेल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. फळीजवळ उभी राहिलेली गाडी सगळं खारं पाणी अंगावर घेते. जागा मिळाली तर मधे लावा.

निवांत_नाखवा
जयगड-तवसाळलाही हाच हिशोब. गणपतीत रांग असते, सकाळची पहिली फेरी पकडा.